कऱ्हाड आणि कर्‍हाड : फोल्डरच्या नावातल्या एका मोकळ्या जागेचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका फोटो स्टुडिओतलं आहे. स्टुडिओचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावांची नावं मात्र तशीच ठेवली, कारण सगळा प्रकार त्यातल्या एका गावाच्या स्पेलिंगवरच उभा आहे. ज्या स्क्रिप्टमुळे (म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीमुळे) नुकसान झालं ती मी लिहिली होती.

एक सूचना आधीच करतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत आणि व्हेरिएबलचं नाव समजायला सोपं जावं म्हणून 'नाव' असं धरलंय. प्रत्यक्ष बॅश (लिनक्सवर कमांड चालवणारं शेल) स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. कोट, डॉलर, कंस, डॅश ही चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच वाचायची.

पार्श्वभूमी

स्टुडिओ दोन पिढ्यांचा. काका लग्नं आणि बारशी घेतात, मुलगा व्हिडिओ एडिटिंग करतो, काउंटरवर एक ताई ऑर्डरी घेते आणि कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करते. आतल्या खोलीत एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे. त्यावरच्या फाइल्स काउंटरच्या आणि अल्बम डिझाइनच्या विंडोज मशीनवर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतात. मुलाकडे मॅक. आठवड्यातून एकदा तो सर्व्हरवरचं काम एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो.

सर्व्हरवर दोन डिस्क : एक चालू कामाची, दुसरी साठ्याची. चालू डिस्कवर गावाच्या नावाची फोल्डर्स आणि त्यात एकेका कार्यक्रमाचं फोल्डर. उंब्रज, मसूर, कऱ्हाड, ओगलेवाडी. एखाद्या गावाची कामं चुकती झाली, अल्बम दिले गेले, की ती 'उंब्रज_जुने' अशा फोल्डरमध्ये टाकायची. रात्री दोन वाजता स्क्रिप्ट चालायची, नावात 'जुने' असलेली फोल्डर्स शोधायची, साठ्याच्या डिस्कवर कॉपी करायची आणि चालू डिस्कवरून काढून टाकायची.

अंडरस्कोर टाकायचा, मोकळी जागा सोडायची नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दोन वर्षं तसंच चाललं. मग काउंटरवर नवीन ताई आली. आधीची ताई इंग्रजी कीबोर्डवर जाऊन अंडरस्कोर टाकायची आणि परत मराठीवर यायची. नवीन ताई इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर सराईत. त्या मांडणीत शिफ्ट धरून डॅशचं बटण दाबलं की अंडरस्कोर उमटत नाही, विसर्ग उमटतो. दोन-चार दिवस 'मसूरःजुने' असं काहीतरी झाल्यावर तिने सरळ मोकळी जागा द्यायला सुरुवात केली. मराठीत कुणीही तेच करेल. तिच्या कीबोर्डवर जे चिन्हच नाही ते वापरायचा नियम मी घालून गेलो होतो, आणि तो पाळणं जमतंय का हे कधी विचारलं नव्हतं.

काय घडलं

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. "अहो, कऱ्हाड आहे, पण आतलं गेलंय. दोनच कार्यक्रम दिसतायत."

मी घरूनच सर्व्हरला जोडून पाहिलं. कऱ्हाडचं फोल्डर होतं, आणि आत खरंच दोनच कार्यक्रम. आदल्या संध्याकाळपर्यंत तिथे तीसेक होते म्हणे. रात्रीच्या स्क्रिप्टचा लॉग उघडला. त्यात एकच ओळ : 'कऱ्हाड जुने : हलवले'. चूक नाही, इशारा नाही. साठ्याच्या डिस्कवर 'कऱ्हाड जुने' व्यवस्थित पोचलेलं. म्हणजे स्क्रिप्टने तिचं काम केलंय, असा मी निष्कर्ष काढला, आणि इथेच पाऊण तास वाया गेला. फोल्डर जागेवर आहे म्हटल्यावर आतले कार्यक्रम कुणीतरी हाताने काढले असणार, असं धरून मी काउंटरच्या मशीनवर कोण बसलं होतं, माउसने काही ओढलं गेलं का, हे विचारत बसलो. ताई रडकुंडीला आली. तिचा काहीही संबंध नव्हता. ते प्रश्न मी त्या सुरात विचारायला नको होते.

मग एक विसंगती दिसली. 'कऱ्हाड जुने' साठ्यात होतं, आणि चालू डिस्कवरही अजून जसंच्या तसं होतं. ते काढून टाकलं जायला हवं होतं. ते राहिलं असेल तर स्क्रिप्टने काढलं काय?

स्क्रिप्टमधली ओळ अशी होती (सीपी म्हणजे कॉपी करणारी कमांड, आरएम म्हणजे काढून टाकणारी) :

सीपी -ए "$नाव" /साठा/ && आरएम -आरएफ $नाव

पहिल्या भागात नावाभोवती कोट आहेत, दुसऱ्या भागात नाहीत. कोट असले की शेल नावाला एकसंध धरतं. कोट नसले की व्हेरिएबलमधला मजकूर आधी बाहेर काढतं आणि मोकळ्या जागेपाशी त्याचे तुकडे करतं. कॉपी बरोबर झाली, म्हणून && पुढचा भाग चालला, आणि शेलच्या हाती प्रत्यक्षात हे आलं :

आरएम -आरएफ कऱ्हाड जुने

म्हणजे दोन फोल्डर्स काढा : एक 'कऱ्हाड', दुसरं 'जुने'. 'जुने' नावाचं काही नव्हतंच. पण -एफ दिलं असलं की नसलेल्या गोष्टीबद्दल आरएम तोंड उघडत नाही. 'कऱ्हाड' होतं. ते आतल्या सगळ्या चालू कामांसकट गेलं.

नावात अंडरस्कोर होता तोवर ही ओळ निमूट चालली. काढून टाकण्याचा भाग मी नंतर जोडला होता, डिस्क भरत आली म्हणून काकांचा फोन आला त्या दिवशी, बसस्टँडवर उभं राहून मोबाइलवरून.

ही चूक जुनीच आहे. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपलने आयट्यून्स २ काढलं. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये अशाच न घातलेल्या कोटांमुळे, ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती त्यांच्यातल्या काहींच्या डिस्क पुसल्या गेल्या आणि ॲपलला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०११ मध्ये बंबलबी या लिनक्सवरच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पाथच्या मध्ये एक मोकळी जागा पडली आणि आरएमने लोकांची अख्खी /यूएसआर डिरेक्टरी, म्हणजे जिथे बहुतेक प्रोग्राम असतात तीच, काढली. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. तरी ती ओळ माझ्या हातून तशीच गेली.

दोन कऱ्हाड

उरला प्रश्न : 'कऱ्हाड' गेलं असेल तर मग सकाळी दिसत होतं ते काय?

दोन महिन्यांपूर्वी ताईने मला सांगितलं होतं, "सर, कऱ्हाड दोनदा दिसतंय." मी विंडोजचा डिस्प्ले असेल, रिफ्रेश करा, असं म्हणून विषय संपवला होता. तिला जे दिसत होतं ते अगदी बरोबर होतं. सर्व्हरवर दोन वेगळी फोल्डर्स होती, आणि पडद्यावर त्यांची नावं तंतोतंत सारखी उमटत होती.

मराठीतला हा अर्धा र, म्हणजे वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा यांतला, युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिता येतो. इन्स्क्रिप्टवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे (यू+०९३१), त्याला हलन्त जोडला की झालं. काही फोनेटिक साधनं मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह टाकतात. त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात (यू+२००डी). डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. डिझाइनच्या मशीनवर बसणारा मुलगा फोनेटिकने टाइप करायचा. त्याने एकदा नेटवर्क ड्राइव्हवर 'कर्‍हाड' शोधलं, सापडलं नाही, म्हणून नवीन केलं आणि दोन कार्यक्रम त्यात ठेवले. सकाळी आम्ही पाहत होतो ते हे.

लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला अक्षरं कळत नाहीत, तिला बाइट कळतात. नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, तिरकी रेघ आणि शून्य बाइट. बाकी काहीही चालतं. ऱ आणि हलन्ताचं 'कऱ्हाड' म्हणजे ६ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८. जोडकाचं 'कर्‍हाड' ७ चिन्हं, २१ बाइट. फाइलसिस्टिमच्या दृष्टीने ही मसूर आणि उंब्रज इतकी वेगळी नावं आहेत.

आणि तिसरंही एक रूप निघालं. मुलाची बाहेरची डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. ती पद्धत नावं साठवताना अक्षरं सुटी करून ठेवते : ऱ चं र आणि नुक्ता होतं. त्याचेही २१ बाइट भरतात, म्हणजे लांबी मोजूनही जोडकवाल्या रूपापासून वेगळं ओळखता येत नाही. मॅकवर फोल्डर उघडायला काही अडत नाही, मॅक आपलं आपण सांभाळून घेतो. पण मॅकवरून काढलेली फोल्डरांची यादी मी सर्व्हरच्या यादीशी ताडून पाहिली तेव्हा ऱ असलेलं प्रत्येक नाव 'इथे नाही' म्हणून आलं. बॅकअप अर्धवट आहे असं वाटून काकांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. बॅकअप पूर्ण होता, फक्त नावांचे बाइट जुळत नव्हते.

पहिला निर्णय : आधी हात लावायचा की थांबायचं

आरएमची ओळ सापडल्या क्षणी मी काकांना म्हटलं, "काका, कुणीही काही कॉपी करू नका. सर्व्हर बंद करतोय." त्यांचा प्रश्न रास्त होता : त्याच दुपारी एका लग्नाची कार्डं येणार, ती ठेवायची कुठे? शेवटी कार्डं मुलाच्या मॅकवर उतरवायचं ठरलं. डिस्कवर नवीन काही लिहिलं जाईल तितकी पुसलेल्या फोटोंची जागा व्यापली जाते. फोन आला तेव्हाच हे सांगायला हवं होतं. त्या पाऊण तासात ताईने नेहमीप्रमाणे रविवारच्या एका कार्यक्रमाचं कार्ड सर्व्हरवर रिकामं केलं होतं.

मुलाच्या डिस्कवरचा बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा निघाला. मधला एक रविवार तो बाहेरगावी होता. म्हणजे नऊ दिवसांचं काम उघड्यावर : एक बारसं आणि एक साखरपुडा. बारशाचं कार्ड अजून बॅगेत होतं, रिकामं करून पुन्हा वापरलेलं नव्हतं. साखरपुड्याचं कार्ड फॉरमॅट होऊन दुसरीकडे वापरलं गेलं होतं.

चालू डिस्कची आधी बाइट-ला-बाइट प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल्स शोधणारं साधन चालवलं. मूळ डिस्कला हात लावला नाही. ईएक्सटी४ वर फाइल पुसली की तिचे तुकडे कुठे होते ही नोंदच पुसली जाते, त्यामुळे फोटोरेक नावं आणि फोल्डर्स परत देत नाही. ते डिस्कवर फोटोच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं आणि जे मिळेल ते नंबर देऊन काढतं. दोन रात्रींनंतर वेगवेगळ्या वर्षांचे हजारो फोटो एकाच ढिगात होते. फोटोतच दडलेली तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याचा क्रमांक यांवरून मी साखरपुड्याचे फोटो वेगळे काढले. काकांचा कॅमेरा आणि मदतनिसाचा कॅमेरा यांच्या घड्याळात चार मिनिटांचा फरक होता, तोही हिशेबात धरावा लागला.

कोणते पर्याय होते

फोटो परत आणण्याचं काम चालू असतानाच पुढचं ठरवायचं होतं, कारण रात्रीचं हलवणं बंद राहिलं तर पंधरवड्यात डिस्क भरली असती.

पहिला पर्याय नेहमी सुचवला जातो तो : सगळी नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता. मी स्वतः अनेकांना हा सल्ला दिलाय. काकांनी तो एका वाक्यात फेटाळला. "गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याच्या पोरीचं नाव इंग्रजीत कसं लिहू हे मी त्याला विचारू का?" त्याशिवाय एक तांत्रिक अडचण होती. अल्बम डिझाइनच्या प्रोजेक्ट फाइल्समध्ये फोटोंचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात. फोल्डरची नावं बदलली की अर्धवट असलेले सगळे अल्बम तुटतात. लग्नसराईच्या मध्यावर ते परवडणारं नव्हतं.

दुसरा पर्याय, अमुक चिन्हं वापरायची नाहीत असा नियम. पण एक नियम घालून काय झालं ते समोर होतं. शिवाय नावं नुसती काउंटरवरून येत नाहीत. मॅकवरून येतात, पेनड्राइव्हवरून येतात, व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवली जातात आणि सोबत शेवटी एक मोकळी जागा घेऊन येतात.

तिसरा, नाव कसंही असलं तरी स्क्रिप्टने ते झेलायचं. चौथा, शेल सोडून सगळं पायथनमध्ये लिहायचं. तिथे नाव ही एक वस्तू असते, ती आपोआप तुटत नाही. पाचवा पर्याय काकांच्या मुलाने सुचवला आणि सगळ्यात मोलाचा तोच ठरला : स्क्रिप्टने काही पुसूच नये. 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये तारखेनिशी हलवावं आणि महिन्याने माणसाने बघून काढावं.

मी तिसरा आणि पाचवा एकत्र घ्यायचं ठरवलं. पायथनचा विचार पुढे ढकलला. कारण एवढंच की रात्रीची स्क्रिप्ट छोटी होती आणि दुरुस्त करून त्याच संध्याकाळी चालू करता येईल असं वाटलं. तो अंदाज चुकला, ते पुढे येईल.

अडचणीची पेटी

या वेळी उलट बाजूने सुरुवात केली. स्क्रिप्टला हात लावण्याआधी एक चाचणीचं फोल्डर तयार केलं आणि स्टुडिओतल्या खऱ्या नावांतून सगळ्यात त्रासदायक ती त्यात रिकाम्या फोल्डरांच्या रूपात ठेवली. ताईने त्याला 'अडचणीची पेटी' नाव दिलं. तिला शेजारी बसवूनच ती यादी केली, आणि माझ्या डोक्यात नसलेली निम्मी नावं तिने सुचवली.

'-रद्द'. रद्द झालेलं काम यादीत वर दिसावं म्हणून सुरुवातीला डॅश. आरएम असो वा सीपी, डॅशने सुरू होणारं नाव त्यांना ऑप्शन वाटतं. उपाय दोन : नावाआधी ./ लावायचं, किंवा ऑप्शन संपल्याची खूण म्हणून -- द्यायचं.

'फायनल [पसंत]'. गिऱ्हाइकाने निवडलेले फोटो. चौकोनी कंस म्हणजे शेलला 'यांतलं कुठलंही एक चिन्ह'. बॅशमध्ये कोटात असलं की निभावतं. पण आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाला वगळायच्या यादीत हे नाव दिलं तर तिथे ते पुन्हा नमुना म्हणूनच वाचलं जातं. आणि डिझाइनच्या मशीनवर एक छोटी पॉवरशेल (विंडोजवरचं शेल) स्क्रिप्ट होती, पसंत फोटो प्रिंटसाठी काढणारी. तिथे -पाथ दिल्यावर 'फायनल [पसंत]' चा अर्थ 'फायनल' आणि पुढे प, स, अनुस्वार किंवा त यांपैकी एक चिन्ह असा होतो. 'फायनल प' सापडलं असतं, हे सापडत नाही. आणि नमुन्याला काही जुळलं नाही तर पॉवरशेल चूकही दाखवत नाही, रिकाम्या हाताने पुढे जातं. तिथे -लिटरलपाथ वापरायला हवं. कंसवाली कामं प्रिंटला जाताना मध्येच राहतात आणि हाताने टाकावी लागतात, अशी डिझाइनच्या मशीनवरच्या मुलाची कधीपासूनची तक्रार होती. त्याचं कारण हे निघालं.

'हळद & लग्न' आणि '५०% बाकी'. बॅशमध्ये कोट पुरतात. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये & म्हणजे पुढची कमांड आणि % म्हणजे व्हेरिएबल. मशीनवरची एकुलती एक बॅच फाइल काढून टाकली आणि तेच काम पॉवरशेलमध्ये केलं. मराठी अक्षरं असलेली स्क्रिप्ट जुन्या विंडोज पॉवरशेलसाठी यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी खूण) सेव्ह करावी लागते, नाहीतर ते तिला जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचतं आणि नावांचा चुरा होतो. तासभर त्यात गेला.

शेवटी मोकळी जागा असलेलं नाव. बॅशमधली रीड ही मजकूर वाचणारी कमांड दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा गिळते, म्हणून त्याआधी आयएफएस= (मजकूर कुठे तोडायचा ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामं करावं लागतं.

आणि मग ते लांबलचक नाव : 'चि.' पासून सुरू होऊन 'चि. सौ. कां.' वरून 'यांचा शुभविवाह सोहळा' पर्यंत, दोन्ही आडनावं आणि गावं धरून. विंडोजच्या डिस्कवर नावाला २५५ चिन्हं चालतात. ईएक्सटी४ वर २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक एकेक चिन्ह धरून. पत्रिकेवरचा मजकूर उचलून नाव दिलं की ते काउंटरच्या मशीनवर बसतं, सर्व्हरवर जात नाही. यावर स्क्रिप्टमध्ये इलाज नाही. ही एक मर्यादा माणसांना सांगितली : वर आणि वधूचं पहिलं नाव आणि तारीख, बस्स.

दुरुस्ती

यादी काढायला फाइंड आणि नावांच्या मध्ये शून्य बाइट, कारण नावात येऊ शकत नाही असं तेवढंच उरतं :

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -टाइप डी -नेम '*जुने*' -प्रिंट० | व्हाइल आयएफएस= रीड -आर -डी '' नाव

आत प्रत्येक ठिकाणी "$नाव" कोटात. आरएम पूर्ण काढलं. त्याजागी कॉपी, मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार ताडणं, आणि जुळलं तरच 'टाकाऊ' मध्ये हलवणं. -एफ कुठेच नाही. काही सापडलं नाही तर स्क्रिप्टने बोललं पाहिजे.

शेलचेक हे स्क्रिप्ट तपासणारं साधन जुन्या ओळीवर चालवून पाहिलं. पहिल्याच फटक्यात त्याने कोट नसलेल्या व्हेरिएबलवर बोट ठेवलं, एससी२०८६. हे साधन माझ्या लॅपटॉपवर होतं. बसस्टँडवर मोबाइलमध्ये नव्हतं.

जुळ्या नावांची दुरुस्ती मात्र घाईत अंगाशी येणार होती. पहिला विचार आला की सगळ्या नावांतून अदृश्य जोडक काढून टाकू. पेटीवर चालवलं आणि 'कर्‍हाड' चं 'कर्हाड' झालं, रफार ह च्या डोक्यावर. जोडक दिसत नसला तरी तो अक्षराचा आकार ठरवतो, तो उपटता येत नाही. एनएफसी नावाचं युनिकोडचं प्रमाणीकरण र आणि नुक्ता यांना पुन्हा ऱ करतं, म्हणजे मॅकवालं रूप सरळ होतं. जोडकवालं रूप ते तसंच सोडतं, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लेखनं आहेत. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागला : र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की ऱ, हलन्त.

आणि नाव बदलताना त्या नावाचं फोल्डर आधीच असेल तर? एमव्ही या नाव बदलणाऱ्या कमांडला दुसरं नाव अस्तित्वात असलेल्या फोल्डरचं मिळालं, तर ते नाव बदलत नाही, पहिलं फोल्डर दुसऱ्याच्या पोटात घालतं. कऱ्हाडच्या आत कर्‍हाड. तेही चाचणीतच दिसलं. अशा जोड्या स्क्रिप्टने आपण होऊन एकत्र करायच्या की माणसापुढे ठेवायच्या, यावर मी आणि मुलगा बराच वेळ बोललो. माणसापुढे ठेवायच्या असं ठरलं. एकाच नावाचे दोन कार्यक्रम दोन्हीकडे असू शकतात, आणि कोणता अल्बम दिलेला हे काकांनाच माहीत असतं. अशा अकरा जोड्या निघाल्या. ताई आणि काकांनी दोन दुपारी बसून त्या निस्तरल्या.

या नियमांसाठी शेवटी पायथनच वापरावं लागलं. युनिकोडचं काम शेलमध्ये रेटणं म्हणजे एका चुकीच्या जागी दहा. आठवडाभराने पूर्ण स्क्रिप्ट पायथनमध्ये नेली. आधीच नेली असती तर शेलची दुरुस्ती आणि तिची चाचणी यांत गेलेले तीन दिवस वाचले असते.

काय हाती लागलं

नऊ दिवसांपूर्वीपर्यंतचं सगळं मुलाच्या डिस्कवरून परत आलं. बारसं कार्डावरून पूर्ण मिळालं. साखरपुड्याचे बहुतेक फोटो फोटोरेकने दिले, पण काही उघडल्यावर वरचा भाग नीट आणि खालचा सगळा करडा, अशा अवस्थेत होते. ओटी भरतानाचे जवळजवळ सगळे तसेच. अंगठी घालतानाचा एक फोटो संपूर्ण वाचला.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हा शेवटचा निर्णय काकांचा होता. कार्ड खराब झालं म्हणता आलं असतं. त्यांनी दोन्ही घरांना बोलावलं, आमच्या कॉम्प्युटरमध्ये चूक झाली असं सरळ सांगितलं, घेतलेले पैसे परत केले आणि मिळालेल्या फोटोंचा अल्बम तसाच करून दिला. मी माझ्या कामाचे पैसे घेतले नाहीत. मुलीच्या आईने करड्या पट्ट्यांचे दोन फोटोसुद्धा मागून घेतले, कारण वरच्या अर्ध्यात तिच्या सासूबाई होत्या.

आता करायचं झालं तर

काढून टाकणारी ओळ, ती कितीही छोटी असो, मोबाइलवरून घालणार नाही. घालायची वेळ आलीच तर पहिले काही दिवस ती नुसतं 'हे काढलं असतं' असं लॉगमध्ये लिहील. त्या रात्री तसं असतं तर सकाळी लॉगमध्ये 'कऱ्हाड' आणि 'जुने' अशी दोन सुटी नावं दिसली असती, आणि ताईनेच फोन केला असता.

तिने "दोनदा दिसतंय" म्हटलं तेव्हा त्या नावांचे बाइट पाहायला दोन मिनिटं लागली असती. रोज त्या फोल्डरांत वावरणाऱ्या माणसाने काही वेगळं दिसतंय म्हटलं, की आता मी आधी ते उघडून बघतो.

बॅकअपची डिस्क आठवड्याला एकाच माणसाच्या सवडीवर होती. आता त्या दोन आहेत, आलटून पालटून, आणि दर महिन्याला एक कार्यक्रम त्यांवरून परत आणून उघडून पाहतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काउंटरवर 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो. एक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर, आणि दुसरा अ ला चंद्र जोडून केलेला, बऱ्याचदा मध्ये तोच अदृश्य जोडक घेऊन. एनएफसी त्यांनाही एक करत नाही. वकिलांच्या घरच्या कार्यक्रमांची फोल्डर्स 'ॲड.' आणि 'अ‍ॅड.' अशी दोन जागी आहेत, आणि अल्बमच्या जुन्या प्रोजेक्ट फाइल्स दोन्हींकडे बोट दाखवतात. लग्नसराई संपली की जूनमध्ये बसायचं ठरलंय. तोवर ताईने तेवढीच नावं एका वहीत लिहून ठेवली आहेत, कोणतं कुठल्या मशीनवरून झालं त्या खुणेसकट.